टेबल टेनिसचे रबर: दाम, दम आणि पकड

खेळाच्या सामानात टेबल टेनिसच्या बॅटचे रबर ही अशी चीज आहे की जी लवकर झिजते, महाग पडते, आणि दुकानदार व ग्राहक दोघेही जिच्याविषयी फार कमी जाणतात. बॅटची लाकडी फळी नीट सांभाळली तर दहा वर्षे चालते. तिच्यावर दोन्ही बाजूंनी चिकटवलेले रबर मात्र काही महिन्यांत उतरते. नवीन घ्यायला गेले की हजार रुपयांपासून सात-आठ हजारांपर्यंतची पाकिटे समोर येतात. पाकिटावर इंग्रजी, जपानी किंवा चिनी अक्षरे, आणि आत हाताच्या पंजापेक्षा जरासा मोठा चौकोनी तुकडा. एवढा फरक कशाचा, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, "साहेब, हा इम्पोर्टेड माल आहे."

मी कापडाचा व्यापारी. पाथरीच्या बाजारात तीस वर्षे मीटर मोजण्यात गेली. रबराशी माझा संबंध आला तो भाच्यामुळे. तो शाळेच्या संघातून जिल्ह्याच्या स्पर्धेत खेळू लागला. खरेदीसाठी माझे परभणी, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि मुंबई येथे जाणे-येणे असल्याने त्याचे रबर आणण्याचे काम माझ्याकडे आले. आपल्या वाचकांत स्टेशनरी आणि जनरल स्टोअर्सवाले बरेच आहेत. शाळांना खेळाचे सामान पुरवणारेही आहेत. त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी हा खेळ खेळते त्यांच्यासाठी हा हिशेब मांडत आहे.

मुंबईत झालेली उलथापालथ

रबराला एवढे महत्त्व कसे आले, याचा धागा आपल्याच राज्यात सापडतो. फेब्रुवारी १९५२ मध्ये मुंबईत जागतिक टेबल टेनिस स्पर्धा झाली. आशियात ही स्पर्धा प्रथमच होत होती आणि जपानचा संघही तिच्यात प्रथमच उतरला होता. त्या काळचे मोठे खेळाडू साधारण एकाच जातीच्या बॅटने खेळत. लाकडावर दाणेदार रबराचा पातळ थर, मध्ये स्पंज नाही. चेंडू लागला की टक् असा आवाज होई आणि मुरलेला खेळाडू त्या आवाजावरूनच फटक्याचा जोर ओळखत असे.

जपानचा हिरोजी सातोह हा चष्मा लावणारा, किरकोळ अंगाचा खेळाडू जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. त्याच्या बॅटला आवाजच नव्हता. चेंडू स्पंजात रुतायचा आणि समोरच्याला अंदाज येण्याआधी परतायचा. अमेरिकेचा मार्टी राइसमन हे त्या वेळचे मोठे नाव, तोही त्याच्यापुढे हरला. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोचियान याला हरवून सातोह विजेता झाला. हात तेच, टेबल तेच, चेंडूही तोच. बदलला होता तो फक्त लाकडावरचा थर.

त्यानंतर काही वर्षे वाद चालला. अखेर १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने माप ठरवून दिले. रबर आणि स्पंज मिळून जाडी ४ मिलीमीटरपेक्षा जास्त नको, स्पंजाशिवायचे दाणेदार रबर असेल तर २ मिलीमीटर, आणि नुसता स्पंज चालणार नाही. ही चौकट आजही टिकून आहे. कंपन्यांची सारी चढाओढ या ४ मिलीमीटरच्या आतच चालते.

आत काय असते

रबराचे दोन भाग. वरची पातळ चादर आणि खालचा स्पंज. चादरीच्या एका अंगाला बारीक दाणे असतात. बहुतेक खेळाडू दाणे आत, स्पंजाकडे ठेवतात आणि गुळगुळीत बाजू बाहेर येते. याला पकड चांगली असते, चेंडूला फिरकी मिळते. काहीजण दाणे बाहेर ठेवतात. लांब दाण्यांच्या रबरावर समोरच्याचीच फिरकी उलटी होऊन त्याच्याकडे परत जाते. मनिका बत्रा हिने २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत महिला एकेरीचे सुवर्ण जिंकले, तेव्हा तिच्या बॅटच्या एका बाजूला असेच लांब दाण्यांचे रबर होते. पण ती वेगळी विद्या आहे. शिकणाऱ्या मुलाने दोन्ही बाजूंना गुळगुळीतच लावावे, असे जाणकार सांगतात आणि ते बरोबर आहे.

पाकिटावर दोन आकडे पाहायचे. पहिला जाडीचा, तो १.५ पासून २.१, २.२ पर्यंत असतो. हे फक्त स्पंजाचे माप आहे. स्पंज जाड तेवढा वेग जास्त आणि ताबा कमी. नवशिक्याला १.८ पुरे, दोन-तीन वर्षे खेळलेल्याला २.०.

दुसरा आकडा स्पंजाच्या कडकपणाचा, आणि येथे ग्राहक हमखास फसतो. आपल्या धंद्यातील गोष्ट पाहा. सुती धाग्यात काउंट वाढला की धागा बारीक होतो. पॉलिएस्टरमध्ये डेनियर वाढला की धागा जाड होतो. दोन्ही आकडे धाग्याचेच आहेत, पण ८० काउंट आणि ८० डेनियर एका तागडीत घालणारा माणूस कापड ओळखत नाही असे आपण म्हणतो. रबरात तसेच आहे. चीन, जपान आणि जर्मनी यांची कडकपणा मोजण्याची पट्टी वेगवेगळी आहे. जपानी बटरफ्लायच्या टेनर्जीवर ३६ लिहिलेले असते, चिनी हरिकेनवर ३९ किंवा ४०. फरक तीन-चारचाच दिसतो, पण अंगठ्याने दाबून पाहिले की चिनी स्पंज कितीतरी कडक लागतो. जर्मन रबरावर ४७ लिहिलेले असले तरी ते त्या चिनी ३९ पेक्षा मऊ असते. म्हणून एका देशाचा आकडा दुसऱ्या देशाच्या आकड्याशी ताडून पाहू नये. त्याच देशाच्या दोन पाकिटांत तुलना करावी, किंवा सरळ अंगठा लावावा.

हाताला काय लागते

आपण कापडाचा पोत पाहतो तसा रबराचाही पोत असतो. खेळाडू त्याला फील म्हणतात. चेंडू रबरावर किती वेळ थांबल्यासारखा वाटतो, आवाज कसा येतो, मनगटापर्यंत काय पोहोचते, हे सर्व त्यात आले. यात माझा तजुर्बा भाच्याचा आणि त्याच्यासोबत खेळणाऱ्या चार-पाच मुलांचा आहे. स्पर्धांच्या वेळी मी त्यांना पुष्कळ विचारले आणि त्यांच्या बॅटी हातात घेऊन पाहिल्या.

चिनी रबर, म्हणजे डबल हॅपिनेसचे हरिकेन किंवा फ्रेंडशिपचे ७२९, यांचा पृष्ठभाग चिकट असतो. नवे असताना बॅट उलटी केली तरी चेंडू क्षणभर लटकून राहतो. पण स्पंज कडक. हात जोरात फिरला तर भरपूर फिरकी मिळते, आणि हात ढिला असेल तर चेंडू जाळीतही पोहोचत नाही. चीनचा मा लाँग वर्षानुवर्षे फोरहँडला हरिकेन वापरत आला, हे ऐकून आपली मुलेही तेच मागतात. पण त्याच्या हाताला आणि पायाला रोज कित्येक तासांची मेहनत आहे. बारा वर्षांच्या मुलाने ते लावले की चेंडू पुढे ढकलायला तो खांद्याला झटके देऊ लागतो. भाच्याचे तसेच झाले. महिनाभराने म्हणाला, "मामू, बॉल निकलताच नाही." ७२९ मध्ये मऊ स्पंजाचे प्रकारही येतात, ते मुलांना बरे पडतात.

जपानी यासाका कंपनीचे मार्क फाइव्ह १९६९ पासून बाजारात आहे. बटरफ्लायचे स्रायव्हर त्याच्या दोन वर्षे आधीचे, १९६७ चे. ही जुन्या घडणीची रबरे. फार वेगही नाही, फार चिकटपणाही नाही. चेंडू जेवढ्या जोराने मारला तेवढ्याच जोराने जातो. आमच्या धंद्यात पॉपलीनला जे स्थान आहे ते यांना. दिसायला साधे, पण शिवणाऱ्याला दगा देत नाही. पन्नास वर्षांहून जास्त काळ एखादा माल त्याच नावाने विकला जातो, तेव्हा त्यात काहीतरी सत्त्व असणारच.

तिसरी जात नव्या ताणाच्या रबरांची. यामागे गोंदाची कथा आहे. १९७० च्या दशकात युरोपातील खेळाडूंच्या लक्षात आले की सायकलच्या पंक्चरला लावतात तसे सोल्युशन लावून रबर चिकटवले तर स्पंज फुगतो, ताणला जातो आणि चेंडू उसळून जातो. मग प्रत्येक सामन्याआधी रबर काढायचे आणि पुन्हा चिकटवायचे, हा रिवाजच पडला. त्या सोल्युशनची वाफ आरोग्याला घातक असल्याने महासंघाने २००८ मध्ये असे गोंद बंद केले. तो ताण कारखान्यातच भरून दिलेली रबरे आधीही होती, पण बंदीनंतर बाजार त्यांचाच झाला. बटरफ्लायचे टेनर्जी त्याच वर्षी, २००८ मध्ये आले आणि डिग्निक्स २०१९ मध्ये. यांची फील लाजवाब आहे यात शंका नाही. चेंडू आत जातो, धरला जातो आणि फेकला जातो. मात्र थोडी चूक झाली तरी चेंडू टेबलाच्या बाहेर. ज्याचा हात बसलेला नाही त्याला ही रबरे शिकू देत नाहीत.

चेंडूचाही येथे संबंध आहे. २००० मध्ये चेंडू ३८ मिलीमीटरचा ४० झाला आणि २०१४ पासून सेल्युलॉइडऐवजी प्लास्टिकचा आला. दोन्ही वेळा फिरकी कमी झाली. ती भरून काढण्यासाठी कंपन्यांनी जास्त ताणाची, जास्त पकडीची रबरे काढली आणि दामही चढले.

वहीतला हिशेब

आता मुद्द्याचे. किमती दुकानादुकानांत वेगळ्या असतात, तरी अंदाज असा: ७२९ हजार-बाराशेच्या आसपास, साधे हरिकेन दोन हजारांच्या घरात, मार्क फाइव्ह अडीच ते तीन हजार, टेनर्जी साडेपाच-सहा हजार, डिग्निक्स त्याहून वर. हा भाव एका तुकड्याचा आहे. बॅटला दोन लागतात.

पण पाकिटावरची किंमत हा खरा खर्च नाही. पकड किती तास टिकली, त्याने किमतीला भागले पाहिजे. आमची मुले आठवड्यातून तीन दिवस, दीड-दीड तास खेळतात, म्हणजे महिन्याला साधारण १८ तास. मी भाच्याकडून आणि त्याच्या दोन साथीदारांकडून रबर लावल्याची व काढल्याची तारीख वहीत लिहून घेतली. ७२९ ने सात महिने, म्हणजे १२६ तास काम दिले. ११०० रुपयांना घेतले होते, तासाला नऊ रुपयांच्या आत पडले. मार्क फाइव्ह २८०० चे, ते दहा महिने चालले. १८० तास, तासाला साडेपंधरा रुपये. टेनर्जी ६००० चे, मुलाच्या वडिलांनी हौसेने आणलेले. पाच महिन्यांत त्याच्या मध्यभागी पांढरट डाग पडला आणि चेंडू सरकू लागला. ९० तास, तासाला ६६ रुपयांहून अधिक. दोन्ही बाजू धरल्या तर १३३. म्हणजे तो मुलगा एक तास सराव करतो तेव्हा एका मजुराच्या काही तासांची कमाई बॅटवरून पुसली जाते.

तीन मुलांच्या वहीवरून कायदा होत नाही, हे मान्य. जोरात खेळणाऱ्याचे रबर लवकर जाईल, हलक्या हाताचे जास्त टिकेल. पण क्रम बदलणार नाही. ताणाच्या रबरात ताण हाच गुण आणि ताण हाच रोग. तो सैल पडला की सहा हजारांचे रबर हजाराच्या रबरापेक्षाही वाईट खेळते. जुन्या घडणीचे रबर हळूहळू म्हातारे होते, त्यामुळे मुलाला सवय करून घ्यायला वेळ मिळतो.

राज्य पातळीवर खेळणाऱ्याने, ज्याचा एकेक गुण मोलाचा आहे, त्याने टेनर्जी लावावे. तेथे तो खर्च वाजवी आहे. पाथरी-मानवतच्या शाळेतील मुलाला, ज्याच्या बापाची कमाई हातावरची आहे, त्याला मी मार्क फाइव्ह सांगेन, आणि तेही जमत नसेल तर मऊ स्पंजाचे ७२९. उरलेले पैसे चेंडूंवर खर्च करावेत. सरावाला चेंडू जास्त असले तर मुलगा तासात दुप्पट फटके मारतो, आणि हा फायदा कोणत्याही रबरात मिळत नाही.

अस्सल, नक्कल आणि शिळा माल

जर्मनीत होफहाइम येथे ई.एस.एन. नावाचा कारखाना आहे. युरोपातील अनेक नामांकित ब्रँडची रबरे तेथेच तयार होतात. मालेगाव-भिवंडीच्या मागावरचे ग्रे कापड निरनिराळ्या छापांखाली विकले जाते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना याचे नवल वाटू नये. अर्थात एकाच मिलमध्ये भारी माल निघतो तसा हलकाही निघतो, म्हणून कारखाना एक आहे एवढ्यावरून दोन पाकिटे सारखी समजू नयेत. पण ब्रँडच्या नावापायी हजार रुपये जास्त देण्यापूर्वी त्याच तोडीचे दुसऱ्या नावाचे रबर मिळते का, हे जरूर विचारावे.

नक्कल माल बाजारात आहे आणि तो महागड्या नावांचाच निघतो. मंजूर झालेल्या रबरावर मुठीच्या बाजूला महासंघाची खूण, कंपनीचे नाव आणि क्रमांक उठावदार छापलेला असतो. ही अक्षरे बसकी किंवा पुसट असतील, दाणे वाकडेतिकडे असतील, स्पंजाचा कडेचा काप फाटका असेल, तर तो माल परत करावा. रंगाचेही पाहावे. १९८६ पासून एक बाजू लाल आणि दुसरी काळी हा नियम होता. २०२१ पासून काळी कायम ठेवून दुसऱ्या बाजूला गुलाबी, जांभळा, हिरवा, निळा असे रंगही चालतात. दोन्ही बाजूंना एकच रंग लावलेली बॅट मात्र स्पर्धेत बाद होते.

नकलेपेक्षा जास्त नुकसान शिळ्या मालाने होते. एका शहरातील दुकानात मला टेनर्जी चांगली सूट देऊन दाखवण्यात आले. पाकीट सीलबंद होते, पण कोपरे पिवळे पडलेले आणि किमतीचा शिक्का पाच वर्षांपूर्वीचा. उघडून दाखवा म्हटले तर मालक टाळाटाळ करू लागला. मी नमस्कार करून बाहेर आलो. कापडाचा गठ्ठा दोन वर्षे पडून राहिला तरी झटकून विकता येतो. रबर हवेने, उष्णतेने आणि उजेडाने पडल्या पडल्या मरते. म्हणून हा माल ठेवू इच्छिणाऱ्या दुकानदाराने एका वेळी चार-सहापेक्षा जास्त पाकिटे मागवू नयेत. ती काचेच्या शोकेसमध्ये उन्हात मांडू नयेत, खालच्या कपाटात अंधारात ठेवावीत. आणि नवशिक्याला सहा हजारांचे पाकीट विकण्याचा मोह टाळावा. तो मुलगा सहा महिन्यांत खेळ सोडतो आणि गिऱ्हाईकही जाते. मार्क फाइव्ह घेतलेला मुलगा दरवर्षी परत येतो.

चिकटवण्याची कारागिरी

रबर विकणारी दुकाने शहरांत आहेत, पण ते नीट चिकटवून देणारे हात कमी आहेत. आपल्याकडे चप्पल, रेक्झिन आणि सीट-कव्हरचे काम करणारे जे कारागीर आहेत, त्यांना हे काम अर्ध्या दिवसात येईल. पाण्याचा गोंद फळीवर आणि स्पंजावर पातळ पसरायचा. तो दुधासारखा पांढरा असतो. वाळून पारदर्शक झाला की रबर मुठीच्या बाजूने ठेवून लाटण्याने हलके दाबत पुढे न्यायचे. ओढायचे नाही. उरेब कापड ओढून शिवले की जशी शिलाई आखडते, तसे ओढून लावलेले रबर कडेने आकसते. मग फळी उलटी ठेवून तिच्या कडेने नव्या ब्लेडने एका दमात कापायचे.

चपलेचे किंवा पंक्चरचे सोल्युशन वापरू नये. एक तर ते नियमात बसत नाही. शिवाय जुने रबर काढताना स्पंज फाटतो आणि फळीचा पापुद्राही निघून येतो. चांगल्या फळीची किंमत दोन-तीन हजार असते, मजुरीच्या पन्नास-शंभर रुपयांत ती भरून निघत नाही. पाण्याच्या गोंदाने लावलेले रबर मात्र हळूच सोलून दुसऱ्या फळीवर बसवता येते.

निगा राखणे सोपे आहे, पण आमच्या भागात ती कोणी राखत नाही. खेळून झाले की ओल्या स्पंजाने धूळ पुसायची. त्यासाठी जुनी, धुऊन मऊ झालेली मलमल चांगली. पॉलिएस्टरचा रुमाल पाणी टिपत नाही, नुसता घासतो. पुसल्यावर वर पातळ प्लास्टिकचा कागद लावून बॅट पिशवीत ठेवायची. चिकट चिनी रबराला तर हा कागद हवाच, नाही तर महिन्याभरात त्याची चिकटाई धुळीने मरते. आणि एप्रिल-मेमध्ये परभणी जिल्ह्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो तेव्हा बॅट मोटारसायकलच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. भाच्याची बॅट उन्हाळ्यात आमच्या दुकानात, कापडाच्या गठ्ठ्यांमागच्या खालच्या फळीवर असते. तेथे सर्वात गार असते.